गाठींचा रकाना

कोपरखैरण्यात आमचा विभाग तळघरात आहे.
खाडीला उधाण आलं की उत्तरेची भिंत घामेजते,
चिलर कण्हतो,
आणि मी पट्टी घेऊन
फळ्यावर उद्याचा दिवस आखायला बसते.

एमआरआय अठरा. सीटी सव्वीस.
साधे एक्स-रे मी आखत नाही, ते येतच राहतात,
घाऊक बाजारातून पाठ धरून,
खदानीतून छाती धरून.

गेल्या जानेवारीत महाप्याहून एक मुलगा आला,
निमिष कारखानीस.
गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात स्टॉपवॉच.
तीन दिवस दाराशी स्टुलावर बसला, चहा नको म्हणाला,
चौथ्या दिवशी म्हणाला, मॅडम,
मशीनचं काम बावीस मिनिटांचं,
तुम्ही चाळीस धरता.
उरलेली अठरा जातात कुठं?

म्हटलं, स्टूल आत घे.

सव्वानऊ. चांगुणाबाई गवते, दिघा. कंबर.
एकेचाळीस वर्षांत मंगळसूत्र उतरवलेलं नाही.
हर्षला हात पुढे करते,
बाई मूठ आवळते.
नवरा बाहेर बाकावर, फाइलनं वारा घेत.
त्याला बोलवावं लागतं.
तो चपला दाराबाहेर काढून येतो
(इथं काढायच्या नसतात, कुणी सांगत नाही),
म्हणतो, दे इकडं, मीच घालून बसतो.
आणि खरंच घालतो,
सदऱ्याच्या आत, काळे मणी छातीच्या पांढऱ्या केसांवर.
सात मिनिटं.

दहा वाजता यल्लप्पा, तुर्भ्याची खदान.
कमरेला करदोडा, त्यात चांदीची पेटी,
घामानं आणि दगडाच्या भुकटीनं गाठीचा खडा झालेला.
कात्री नको, आईनं बांधलाय.
शकील गुडघ्यावर बसतो. चिमटा. सुई. थोडं तेल.
'दातांनी सोडवू का रे?' म्हणतो,
आणि दोघं हसतात, यल्लप्पा खोकत.
नऊ मिनिटं.

मग एक पोरगा, ऐरोलीच्या कुठल्याशा टॉवरमधला,
अंगावर धातू म्हणून काहीही नाही.
यंत्राच्या तोंडाशी नुसता उभा राहिला.
'डोळे मिटले तर चालतं ना?'
चालतं.
'आत्ताच मिटले तर?'
सहा.

निमिषनं लिहून घेतलं: रुग्णाची तयारी, अनिश्चित.
अनिश्चित गोष्टीचा रकाना त्याच्या तक्त्यात नव्हता.
तक्ता वर गेला, वरून सही होऊन खाली आला:
सोमवारपासून एमआरआय चोवीस.

सोमवारी अकरापर्यंत तीन मागे.
सव्वाबाराला घणसोलीहून लकव्याचा पेशंट,
त्याला पुढे घ्यायचाच असतो, घेतला.
दोनला रांग लिफ्टच्या दारात,
तीनला एक म्हातारी, सकाळपासून उपाशी,
साखर उतरून माझ्याच टेबलावर कलंडली.
आत गरगरणारं यंत्र मात्र
मधूनमधून रिकामं होतं.
माणसं सगळी गाठींत होती.

मंगळवारी मी कुणाशी बोलले नाही.
बुधवारीही नाही.
गुरुवारी पुन्हा अठरा आखले
आणि शेजारी, निळ्या पेनानं, एक नवा रकाना: गाठी.
त्यात आकडा नाही घातला.
वरून कुणी विचारलं नाही.
निमिषचा फोन आला तेवढा,
एकक काय धरायचं, मिनिटं की टक्के?
म्हटलं, तू ये कधी. चहा घेऊन बघ.

त्याच आठवड्यात, दागिन्यांच्या स्टीलच्या डब्यात
एक काळा दोरा उरला.
नाव नाही, चिठ्ठी नाही,
लहान मुलाच्या मनगटाएवढा.
हर्षलानं यादी तपासली, शकीलनं दोन फोन लावले,
नऊ दिवस वाट पाहिली.

मग मी तो फळ्याच्या पेनाला बांधला
आणि दुसरं टोक खिळ्याला.
पेन सारखं हरवायचं.